तळटीप : क्रॅग रायफल

* क्रॅग : पूर्ण नाव क्रॅग-योर्गनसेन. नॉर्वेचे लष्करी अधिकारी ओले क्रॅग आणि बंदूक-कारागीर एरिक योर्गनसेन यांनी घडवलेली बोल्टची रायफल. डेन्मार्कने ती १८८९मध्ये, अमेरिकेने १८९२मध्ये आणि खुद्द नॉर्वेने १८९४मध्ये स्वीकारली. तिचे मॅगझिन काही रायफलींसारखे खाली लोंबत नाही. ते बोल्टच्या खालून आडवे वळसा घेऊन डावीकडे वर चढते. अमेरिकी क्रॅगच्या उजव्या बाजूचे झाकण खाली उघडायचे, पाच सुटी काडतुसे आत सोडायची आणि झाकण मिटायचे. ते मिटताच स्प्रिंग काडतुसांना पुढे रेटते. बोल्ट बंद आणि नळीत काडतूस तयार असतानाही मॅगझिन भरता येते. म्हणूनच या प्रकरणातला शिपाई नेम न सोडता काडतुसे भरतो, हे वर्णन अगदी खरे आहे. इतक्या सुबक यंत्रणेचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

मात्र, १८९८च्या क्युबातील लढाईत अमेरिकनांविरुद्ध लढणाऱ्या स्पॅनिश सैनिकांकडे १८९३च्या बनावटीची माउझर होती. तिच्यात पट्टीवरची पाच काडतुसे अंगठ्याच्या एका दाबाने आत जात. क्रॅगवाल्याला मात्र ती सुटी हाताळावी लागत. शिवाय क्रॅगचा बोल्ट पुढे एकाच खुंटीवर अडकत असल्याने फार जोरदार काडतूस तिला झेपत नसे. अमेरिकेने १९०३मध्ये माउझरच्या धर्तीवरची स्प्रिंगफील्ड रायफल स्वीकारली. – संपादक