भाग्याच्या बिस्किटाचें कूळ

गेल्या दिवाळीच्या सुटींत जव्हार तालुक्यांतील साखरशेत या गांवीं आमचीं नातवंडें आणि शेजारचीं मुलें जमलीं असतां, मीं त्यांना हाताशीं घेऊन एक परदेशी खाऊ केला. त्याला ‘फॉर्च्यून कुकी’ म्हणतात. आपण भाग्याचें बिस्कीट म्हणूं. त्याच्या घडींत भविष्य सांगणारी चिठ्ठी असते, आणि अमेरिकेंतील चिनी खानावळींत तें जेवणानंतर देतात.

कृति सोपी, पण चपळाईची आहे. अंड्याचा पांढरा भाग, साखर, लोणी आणि मैदा यांचें सरबरीत मिश्रण तव्यावर पातळ पसरावें. कडा तांबूस झाल्या कीं चकती उतरून मधोमध चिठ्ठी ठेवावी, चकती दुमडावी आणि ती घडी वाटीच्या काठावर वांकवावी. हें सारें आठ-दहा सेकंदांत उरकलें पाहिजे. कारण ऊन असेपर्यंतच साखर मऊ राहते, निवतांच ती कांचेसारखी ताठ होते. नुसत्या नागलीच्या पिठाची चकती वांकवितांना तुटली. निम्मा मैदा घालतांच जमली. हात भाजूं नयेत म्हणून घड्या मी घालीत होतों. चिठ्ठ्या मुलांनीं लिहिल्या.

एका मुलीनें विचारलें, “आजोबा, हें चिनी लोकांनीं शोधलें ना?” भूगोलाच्या तासाला चीन शिकवितांना मीही तसेंच सांगत असें. तें चुकीचें होतें.

जपानांतील क्योतो शहरीं, फुशिमी इनारी देवालयाच्या परिसरांत, कारागीर असलेंच बिस्कीट लांब दांड्याच्या लोखंडी साच्यांत भाजीत आले आहेत. तें मोठें व काळसर असून त्यांत तीळ आणि मिसो, म्हणजे आंबविलेल्या सोयाबीनचा लगदा, घालतात. चिठ्ठी बाहेरच्या घडींत खोंवलेली असते. यासुको नाकामाची या संशोधिकेला १८७८ सालच्या एका सचित्र जपानी ग्रंथांत हीं बिस्किटें भाजणाऱ्या उमेदवाराचें चित्र आढळलें.

सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट पार्कमधील जपानी चहाबाग चालविणारे माकोतो हागिवारा विसाव्या शतकाच्या आरंभीं पाहुण्यांना तें देत. लॉस एंजेल्सचे चिनी कारखानदार डेव्हिड जुंग यांच्यासाठींही शोधाचा मान मागितला जातो. १९८३ सालीं सॅन फ्रान्सिस्कोंत या वादावर लटकें न्यायालय भरलें, आणि त्यानें निकाल आपल्याच शहराच्या बाजूनें दिला!

मग जपानी नांव पुसलें कसें? डिसेंबर १९४१ मध्यें जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला. पुढच्याच वर्षीं अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आज्ञेनें अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाचे सुमारे १,२०,००० लोक घरादारांतून उठवून छावण्यांत कोंडले गेले. त्यांपैकीं सुमारे दोन-तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. हागिवारा कुटुंबालाही बाग सोडावी लागली. जपानी भट्ट्या थंडावल्या आणि तो धंदा चिनी कारखानदारांनीं उचलला. १९८८ सालीं अमेरिकन सरकारनें क्षमा मागून हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला २०,००० डॉलर देण्याचा कायदा केला. बिस्किटाचें नांव मात्र चिनीच राहिलें.

चिनी कारखानदारांना यांत दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु माणसें कोंडलीं कीं त्यांच्या हातची वस्तूही परकी होते, एवढें त्या दिवशीं मुलांना समजलें. माझ्या जुन्या वर्गांतील मुलें आतां संसारांत पडलीं आहेत. त्यांना पुन्हां बाकांवर बसवितां येत नाहीं. त्यांच्यापैकीं कोणी ऐकत असेल, तर त्यानें आपल्या मुलांना सांगतांना माझी चूक सुधारून घ्यावी.