आर्नोकाठची छत्री

श्रोतेहो, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा जर्मनीत म्युनिक येथे स्थापत्यशास्त्राचे अध्ययन करीत आहे. गेल्या हिवाळ्यात त्यास शनिवार-रविवारची मोकळीक मिळाली, तेव्हा तो रात्रीच्या आगगाडीने आल्प्स पर्वत ओलांडून इटलीतील फ्लॉरेन्स शहर पाहून आला, आणि परतल्यावर त्याने मजला एक सविस्तर पत्र लिहिले. मराठी वाचकास इटलीची ओळख झाली ती बहुधा मॅझिनीच्या नावाने. सावरकरांनी लिहिलेले त्याचे चरित्र १९०७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासूनची ती ओळख. परंतु फ्लॉरेन्सशी महाराष्ट्राचा जो धागा जुळलेला आहे, तो त्याहून सदतीस वर्षांनी जुना आहे आणि फारसा कोणाच्या ध्यानी नाही. म्हणून आज त्या पत्राच्या आधाराने दोन शब्द बोलावयाचे योजिले आहे.

मुलगा स्थापत्याचा विद्यार्थी. तेव्हा शनिवारी सकाळी त्याने प्रथम गाठला तो तेथील मुख्य चर्चचा घुमट. ह्या चर्चचे काम १२९६ साली सुरू झाले. पुढे भिंती उभ्या राहिल्या; पण मधले अष्टकोनी तोंड सुमारे पंचेचाळीस मीटर रुंद, आणि त्यावर छप्पर कसे घालावे हे कोणासच ठाऊक नव्हते! एवढ्या रुंदीस जमिनीपासून लाकडी आधार उभारणे अशक्यप्राय होते. अखेर ब्रुनेलेस्की नावाच्या, मूळच्या सोनारकाम शिकलेल्या, कारागिराने ते काम अंगावर घेतले. १४२० पासून १४३६ पर्यंत, खालून आधार न देता, त्याने विटांचा घुमट चढविला. एकात एक अशी दोन कवचे, आणि विटांची रचना माशाच्या काट्यासारखी तिरपी, जेणेकरून ओला थर खाली घसरू नये. त्या दोन कवचांमधून वर जावयाच्या ४६३ पायऱ्या आहेत. मुलगा लिहितो की, वर्गात आकृतीवरून जे महिनाभर उमगले नाही, ते त्या अरुंद जिन्यात भिंतीवर हात ठेवताच उमगले. शिक्षकाच्या कानास हे वाक्य थोडे बोचते खरे. पण ते खोटे नाही.

उरलेला शनिवार चित्रशाळेत गेला. तिच्याविषयी एवढेच सांगतो की, मेदिची घराण्याच्या शेवटच्या वंशज आन्ना मारिया लुइसा यांनी १७३७ साली करार करून घराण्याचा सारा कलासंग्रह फ्लॉरेन्समध्येच राहील अशी तजवीज केली, म्हणून तो आज तेथे पहावयास मिळतो. राजवाडे रिकामे होताना आपण पाहिले आहेत. ह्या बाईंची दूरदृष्टी त्यामुळे अधिकच मनात भरते.

शहरातून आर्नो नदी वाहते. तिच्यावरील १३४५ सालचा जुना पूल, दोहो बाजूंस दुकाने असलेला, १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तेवढा शाबूत ठेविला. बाकीचे सर्व उडविले. हीच नदी ४ नोव्हेंबर १९६६ रोजी शहरात शिरली. राष्ट्रीय ग्रंथालयातील लक्षावधी ग्रंथ चिखलात बुडाले, आणि ते काढावयास देशोदेशींचे विद्यार्थी धावून आले. रांगा करून, हातोहात, एकेक ग्रंथ त्यांनी वर आणिला. तेथील लोक त्यांस 'चिखलातले देवदूत' म्हणतात.

रविवारी ह्याच नदीच्या काठाने, प्रवाहाच्या दिशेने, मुलास मी मुद्दाम पाठविले होते. शहराच्या पश्चिमेस काशीने नावाचे लांबलचक उद्यान आहे. सुमारे साडेतीन किलोमीटर. त्याच्या अगदी टोकास मुन्योने नावाची लहान नदी आर्नोस मिळते. त्या संगमावर एक छत्री उभी आहे आणि तिच्याखाली पागोटे घातलेल्या एका तरुणाचा रंगविलेला अर्धपुतळा आहे. श्रोतेहो, तो तरुण म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

राजाराम महाराज १८६६ साली दत्तक म्हणून गादीवर आले. १८७० साली ते विलायतेस गेले. समुद्र ओलांडून जाणाऱ्या अगदी पहिल्या हिंदू राजांत त्यांची गणना होते. आणि त्या काळी समुद्रगमन म्हणजे जातीचा व धर्माचा केवढा प्रश्न, हे आपणांस सांगावयास नको. तेथे जे पाहिले, ते महाराज आपल्या इंग्रजी दैनंदिनीत टिपून ठेवीत. स्वदेशी परतत असता फ्लॉरेन्स मुक्कामी ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे देहावसान झाले. वय अवघे वीस! आमच्या पत्रलेखकाहून एक वर्षाने लहान.

आता प्रसंग पहा. परका मुलुख, भाषा परकी, बरोबर मोजकी मंडळी, आणि देह अग्नीस द्यावयाचा. इटलीत तेव्हा दहनाची चाल नव्हती. पहिले दहनगृह मिलान येथे सुरू झाले ते पुढे १८७६ साली. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होते आणि रोम शहर हाती येऊन जेमतेम दहा आठवडे लोटले होते. म्हणजे सरकारास दुसरे उद्योग थोडे नव्हते. तरीही परवानगी मिळाली. दोन नद्यांचा संगम पाहून जागा ठरली, आणि रात्रीच्या वेळी तेथे चिता पेटली. पंचगंगेच्या घाटावर जो विधी व्हावयाचा, तो आर्नोच्या वाळवंटात झाला. मला त्या नगराच्या ह्या सौजन्याचे मोल त्याच्या चित्रशाळेहून कमी वाटत नाही.

दैनंदिनी कॅप्टन वेस्ट यांनी संपादून १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली. १८७४ साली छत्री झाली. तिची आखणी मँट ह्या स्थापत्यकाराची, ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधिला, आणि पुतळा फुलर नामक इंग्रज शिल्पकाराचा. महाराजांस पुत्र नव्हता. पुन्हा दत्तक झाला. ते शिवाजी महाराजही १८८३ साली अकाली वारले, आणि १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून जो मुलगा दत्तक आला, तो म्हणजे शाहू महाराज. आर्नोकाठचा तो तरुण दीर्घायुषी होता, तर महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाची ही पाने कोणाच्या हातून लिहिली गेली असती, कोण सांगणार?

मुलाने तेथे पायी फिरावयास आलेल्या दोघा-तिघांस विचारिले. पुतळा सर्वांच्या ओळखीचा. नाव एकासही सांगता आले नाही. 'इंडियानो', म्हणजे हिंदी मनुष्य, एवढेच ते म्हणाले. छत्रीजवळून आर्नोवर जो मोठा पूल १९७८ साली वाहतुकीस खुला झाला, त्याचेही नाव तेच. ज्यांची मुले शिक्षणानिमित्त तिकडे आहेत, त्यांच्या माहितीकरिता सांगतो: ट्राम उद्यानाच्या कडेपर्यंतच जाते, छत्रीपर्यंत नाही. तेथून नदी डाव्या हातास ठेवून चालत सुटावे. उद्यान संपते तेथेच छत्री आहे.