पडदे, आकडे आणि एक जुनी चूक

सतार शिकणाऱ्याला 'गंधार वाजव' असे सांगता येते, किंवा 'या तारेवर अमुक पडद्यापाशी बोट ठेव' असेही सांगता येते. पहिली सूचना कानाला आहे, दुसरी हाताला. सोळाव्या शतकात इटलीत ल्यूट या तंतुवाद्याचे संगीत दुसऱ्या पद्धतीने लिहीत. कागदावरच्या सहा आडव्या रेघा म्हणजे तारांच्या सहा जागा. रेघेवरचा आकडा म्हणजे पडद्याचा क्रमांक. शून्य म्हणजे मोकळी तार. पुढचा आघात किती वेळाने करायचा, ते वरच्या खुणा सांगत.

हे लेखन शिकवण्यासाठी व्हिन्चेन्झो गॅलिलेई या वादकाने १५६८ साली 'फ्रोनिमो' हे संवादरूप पुस्तक प्रसिद्ध केले. अनेक गायकांसाठी रचलेले गीत एकट्या ल्यूटवर कसे बसवायचे आणि कसे लिहायचे, हा त्याचा विषय.

इथे एक अडचण होती. गायक स्वर किंचित चढवून-उतरवून जुळवून घेतो. ल्यूटचा पडदा मात्र सगळ्या तारांखालून आडवा जातो. एका तारेसाठी तो सरकवला, की दुसरीचा स्वर बिघडतो. म्हणून सप्तकाचे बारा भाग शक्य तितके सारखे हवेत. व्हिन्चेन्झोने १५८१ च्या ग्रंथात त्यासाठी नियम दिला : प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीच्या अठराव्या भागावर बांधा. तार ९० सेंटीमीटर असेल तर पहिला पडदा ५ सेंटीमीटरवर येतो. उरलेल्या ८५ चा अठरावा भाग म्हणजे सुमारे ४.७, तिथे दुसरा. असे बारा वेळा केले की सुमारे ४५.३ सेंटीमीटर उरतात. बरोबर निम्मे म्हणजे ४५. चूक जेमतेम तीन मिलिमीटरची!

लांबीचा हिशेब असा जुळला. ताणाचे काय? तार निम्मी केली की स्वर एका सप्तकाने चढतो. तसाच तो तारेला टांगलेले वजन दुप्पट केल्यानेही चढतो, असे पायथागोरसच्या नावावर शतकानुशतके सांगितले जात होते. व्हिन्चेन्झोने वजने टांगून पाहिली. दुप्पट वजन पुरेना, चौपट लागले. हे त्याने १५८९ साली छापले.

वर्गात सोनोमीटर असेल तर आपणही पाहू शकतो. अर्ध्या किलोला जो स्वर मिळेल त्याला 'सा' माना. एक किलोला वरचा सा येणार नाही, तीव्र मध्यम येईल. वरच्या सा साठी दोन किलो लागतील.

व्हिन्चेन्झोचा मुलगाही ल्यूट उत्तम वाजवी. तो म्हणजे शास्त्रज्ञ गॅलिलिओ. त्याच्या १६३८ च्या ग्रंथातही तारांचा हा नियम आहे. वडिलांकडून त्याने नेमके काय घेतले, हे मोजता येत नाही. पण ग्रंथात लिहिलेले तारेवर तपासून पाहणारा माणूस त्याच्या घरातच होता. आपल्या विद्यार्थ्यांना असा माणूस शाळेत भेटतो का?