तबकडी कोणाची, पैसा कोणाचा? कॉक्सन डॉड आणि जमैकाची साऊंड सिस्टीम

रेगे म्हटले की आपल्याकडे बॉब मार्लीचा टी-शर्ट आठवतो. पण तो टी-शर्ट घालणाऱ्या किती जणांना क्लेमेंट डॉड हे नाव माहीत आहे? त्यांना दोष देऊन उपयोग नाही. संगीताचा इतिहास गायकांचा लिहिला जातो. यंत्रे कोणाची होती, जागा कोणाची होती, हिशेबाची वही कोणाच्या हातात होती, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. मार्लीला पहिले मोठे यश ज्याच्याकडे मिळाले, त्या माणसाबद्दल हेच प्रश्न विचारायचे आहेत.

१९५० च्या दशकातले किंग्स्टन रंगावरून आणि पैशावरून दुभंगलेले होते. टेकड्यांच्या बाजूला सुखवस्तू, बहुतांशी उजळ रंगाची वस्ती. खाली बंदराच्या बाजूला गुलामांच्या वंशजांच्या गरीब वस्त्या. हॉटेलात बँड वाजत, पण तिथले तिकीट खालच्या वस्तीला परवडणारे नव्हते. घरात रेडिओ असणे हीसुद्धा चैन होती. मग या लोकांनी मोकळ्या आवारात कपाटाएवढे स्पीकर उभे केले, अँप्लिफायर जोडला आणि अमेरिकन काळ्यांच्या रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या लावल्या. हीच साऊंड सिस्टीम. तिच्या मालकाची कमाई दारावरच्या प्रवेश फीवर आणि आत विकल्या जाणाऱ्या दारूवर.

डॉडचा जन्म १९३२ चा, किंग्स्टनचा. शाळेत क्रिकेट चांगला खेळायचा, म्हणून यॉर्कशायरच्या अ‍ॅलेक कॉक्सन या खेळाडूवरून पोरांनी त्याला 'कॉक्सन' नाव दिले. पुढे तो फ्लोरिडात ऊसतोडीला गेला आणि तिथले संगीत ऐकून परतला. १९५४ मध्ये त्याने 'डाऊनबीट' ही साऊंड सिस्टीम उभी केली. तो रेकॉर्ड आणायला अमेरिकेत गेला की त्याची आई डोरिस डार्लिंग्टन ती चालवायची. बहुतेक लेखक या बाईला एका ओळीत उरकतात. रात्रीच्या त्या पुरुषी, मारामारीच्या धंद्यात एक काळी बाई यंत्र आणि गल्ला दोन्ही सांभाळते, ही काय एका ओळीची गोष्ट आहे?

स्पर्धा कडवी होती. माजी पोलीस ड्यूक रीड कमरेला पिस्तूल लावून वावरायचा. आपण काय वाजवतो हे दुसऱ्याला कळू नये म्हणून तबकडीवरचे लेबल खरवडून टाकत. विलिस जॅक्सनची एक धून डॉडने 'कॉक्सन हॉप' असे नाव देऊन अनेक वर्षे आपली खासियत म्हणून मिरवली. शेवटी रीडने मूळ तबकडी शोधून काढली आणि तिची मिरासदारी संपवली. मला हा किस्सा गमतीचा वाटत नाही. वाजवणाऱ्याचे नाव पुसायची सवय इथपासूनच दिसते.

दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रॉक अँड रोलची लाट आली आणि किंग्स्टनला हवी तशी गाणी मिळेनाशी झाली. त्यामुळे साऊंड सिस्टीमवाल्यांनी स्वतःच रेकॉर्डिंग सुरू केले. सुरुवातीला त्यासाठी केन खूरी यांच्या स्टुडिओत पैसे मोजावे लागत. जमैका १९६२ मध्ये स्वतंत्र झाली आणि १९६३ मध्ये डॉडने ब्रेंटफर्ड रोडवर 'स्टुडिओ वन' उभा केला. काळ्या माणसाच्या मालकीचा तो देशातला पहिला स्टुडिओ मानला जातो. रविवारी तिथे नव्या गायकांची चाचणी असे. वस्तीतला कोणताही पोरगा यावा आणि गाऊन दाखवावे. ना ओळख लागत होती, ना शिफारस. अल्फा बॉइज स्कूल या नन्सनी चालवलेल्या शाळेत वाद्य शिकलेली गरीब घरची मुले तिथे वादक झाली; 'स्कॅटलाइट्स'चे अनेक कलावंत त्याच शाळेचे. वेलर्सचे 'सिमर डाऊन' १९६४ मध्ये इथूनच गाजले. राहायला जागा नसलेला मार्ली काही काळ स्टुडिओतल्याच खोलीत झोपत असे.

इथवर डॉडचे ऋण मान्य करायलाच हवे. पण वादकाला मिळायची त्या कामापुरती मजुरी, वेलर्सना आठवड्याला मोजके पौंड. गाण्याची मालकी स्टुडिओची. १९६७ च्या 'रिअल रॉक' या धूनेवर पुढे शेकडो गाणी बेतली गेली, पण ती वाजवणाऱ्यांना त्या प्रमाणात काही मिळाले नाही. जमैकाचा स्वतःचा कॉपीराइट कायदा आला १९९३ मध्ये. तोवर तिथे ब्रिटिशांचा १९११ चा कायदा होता.

डॉडचे समर्थक म्हणतात, जोखीम त्याची होती, वाद्ये त्याची होती, दार त्यानेच उघडले. मान्य. पण उसाच्या फडात मजुरी केलेल्या माणसाला श्रम आणि मोबदला यांतला फरक कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. 'मालक आपल्यातला आहे' या एका वाक्यावर वादकांनी समाधान मानावे, हे मला पटत नाही. त्यांनाही ते पटले नव्हते. वेलर्स त्याला सोडून गेले. प्रिन्स बस्टर आणि ली पेरी हे दोघे त्याच्याच हाताखाली धंदा शिकले, बाहेर पडले आणि स्वतःच्या तबकड्या काढू लागले.

मे २००४ च्या सुरुवातीला ब्रेंटफर्ड रोडचे नाव बदलून 'स्टुडिओ वन बुलेव्हार्ड' करण्यात आले. त्यानंतर काही दिवसांतच, वयाच्या ७२ व्या वर्षी, डॉड हृदयविकाराच्या झटक्याने वारला. तेव्हाही तो स्टुडिओतच होता, कामावर. आज पाटी स्टुडिओच्या नावाची आहे. 'रिअल रॉक' वाजवणाऱ्यांची नावे त्या रस्त्यावर कुठेही नाहीत.