एक कळप आणि दोन मेंढपाळ : मुंबई प्रांतांतील दुहेरी धर्माधिकाराचा इतिहास व त्याचा बोध

ज्युबिलीच्या प्रसंगीं धर्मग्रामाचा वृत्तांत लिहावयाचा म्हणजे पायाचा दगड कोणीं बसविला, घंटा केव्हां आली, वेदी कोणाच्या देणगींतून उभी राहिली, हें सांगण्याची चाल आहे. चाल योग्यच आहे. परंतु तळोजासारख्या ठिकाणीं आणखी एका गोष्टीचा विचार होणें आम्हांस अगत्याचें वाटतें. कारखान्यांच्या व नव्या वसाहतींच्या मागोमाग येथें जो भाविकवर्ग जमला, तो एका गांवचा नाहीं. कोणी वसईचा, कोणी उरणचा, कोणी गोव्याचा, कोणी मंगळूरचा, कोणी नगरकडचा, तर कोणी केरळचा. हे सर्व एकाच मिस्सेस गुडघे टेकतात, एकाच धर्मगुरूपाशीं पापनिवेदन करितात, आणि ह्यांत विशेष तें काय, असें तरुण मंडळीस वाटतें. त्यांस कदाचित् ठाऊक नसेल कीं, ह्याच मुंबई प्रांतांत सुमारें शंभर वर्षांपूर्वीपर्यंत दोन कॅथॉलिक शेजारी एका गल्लींत राहूनही दोन निरनिराळ्या बिशपांच्या अधिकाराखालीं असत, आणि त्यांच्या वाडवडिलांनीं एकमेकांस सभाभेदी म्हणण्यापर्यंत मजल गांठली होती.

ह्या दुहीचें मूळ शोधूं जातां तें एका उपकारांत सांपडतें. पंधराव्या व सोळाव्या शतकांत पोपसाहेबांनीं पोर्तुगालच्या राजास पूर्वेकडील ख्रिस्तसभेचा आश्रयदाता नेमिलें. मंदिरें बांधावीं, मिशनरी पाठवावे, त्यांचा खर्च चालवावा, हें राजाचें कर्तव्य. त्याच्या मोबदल्यांत बिशपांचीं नांवें सुचविण्याचा त्यास हक्क. ह्या व्यवस्थेस पाद्रोआदो म्हणत. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांकडे आली, आणि वसई, साष्टी, कारंजा व चौल येथील लोकांस श्रद्धेचें दान ह्याच व्यवस्थेंतून लाभलें. परंतु क्षेत्र मोठें व पोर्तुगालचें बळ लहान. म्हणून १६२२ सालीं पोप पंधरावे ग्रेगरी ह्यांनीं रोम येथें श्रद्धाप्रसाराची मंडळी, म्हणजे प्रोपागांदा, स्थापिली. राजाच्या मध्यस्थीवांचून थेट पोपसाहेबांच्या नांवानें काम पाहणारे अपोस्तलिक व्हिकर ती मंडळी नेमूं लागली. १६३७ सालीं तिनें दिवाडी बेटावरील गोमंतकीय धर्मगुरु मातेउश द कास्त्रु ह्यांस रोम येथें बिशपपदाची दीक्षा देवविली. एतद्देशीय मनुष्य बिशप होऊन आला, हें गोव्यांतील अधिकाऱ्यांस मानवलें नाहीं. त्यांनीं त्यांचा अधिकार मान्य केला नाहीं.

पुढें १६६१ च्या विवाह-करारानें मुंबई इंग्रजांस देण्याचें ठरलें, व १६६५ त ती त्यांच्या हातीं आली. राज्य इंग्रजांचें, धर्माधिकार मात्र गोव्याच्या आर्चबिशपांचा, अशी स्थिती झाली. १७२० सालीं गव्हर्नर चार्ल्स बून ह्यानें पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंस मुंबईंतून घालविलें व त्यांच्या जागीं प्रोपागांदाच्या कार्मेलाइट धर्मगुरूंस आणिलें. ह्या बदलाच्या बुडाशीं श्रद्धेचा कांहीं प्रश्न नव्हता. राज्यकर्त्यांस पोर्तुगीजांचा संशय होता, इतकेंच. १७३९ सालीं वसई मराठ्यांनीं घेतली. युरोपियन धर्मगुरु निघून गेले, व गोव्याहून आलेल्या एतद्देशीय धर्मगुरूंनीं उत्तर कोंकणांतील कळप संभाळिला. इकडे मुंबईंतील मंदिरें १७८९ त पुन्हा गोव्याकडे, १७९१ त पुन्हा कार्मेलाइटांकडे, असे फेरे झाले. आणि अखेरीस १७९४ सालीं तेथील धर्मग्राम दोन्ही पक्षांत वांटून देण्यांत आले. भाऊबंदांनीं शेत वांटून घ्यावें, तशी ही वांटणी झाली, व भाऊबंदकीचीं सर्व फळें तिला लागलीं.

१८३३ त पोर्तुगालच्या सरकारचा रोमशीं संबंध तुटला, व पुढल्या वर्षीं त्यानें मठवासी संघ बरखास्त केले. तेव्हां पोप सोळावे ग्रेगरी ह्यांनीं १८३८ सालीं ‘मुल्ता प्रेक्लारे’ नामक आज्ञापत्र काढून हिंदुस्थानांत पुष्कळ ठिकाणीं पाद्रोआदोचा अधिकार काढून घेतला. राजाच्या संमतीवांचून आलेलें पत्र आम्हांस बंधनकारक नाहीं, असें गोव्याकडील अनेक धर्मगुरु म्हणाले. तर हे सभाभेदी आहेत, असें प्रतिपक्ष म्हणाला. १८५३ सालीं माहीमच्या संत मिखाएल मंदिरापाशीं ह्या वादाची सीमा झाली. तेथील भाविकांतील एक मोठा पक्ष पाद्रोआदोकडे वळला. अपोस्तलिक व्हिकर बिशप अनास्तासियुस हार्टमन हे आपल्या अनुयायांसह मंदिराचीं दारें लावून आंत बसले, बाहेर विरुद्ध पक्षाचा वेढा पडला, व शेवटीं सरकारी अंमलदारांनीं दारें उघडवून मंदिर पाद्रोआदो पक्षाच्या स्वाधीन केलें. आजही चालणारें ‘एक्झॅमिनर’ साप्ताहिक १८५० सालीं ज्यांच्या प्रेरणेनें निघालें, ते हेच हार्टमन. आंत बसलेले कॅथॉलिक, बाहेर उभे राहिलेले कॅथॉलिक, आणि दाराची किल्ली परधर्मसभेच्या सरकारच्या हातीं!

वाचकहो, ह्या सर्व भांडणांत श्रद्धासूत्राचें एकही कलम वादांत नव्हतें. दोन्हीकडे मिस्सा तीच, सात साक्रामेंत तेच, पवित्र मातेची रोझरी तीच, आणि दोन्ही पक्ष पोपसाहेबांस आपला परमगुरु मानीत. तरीही कलह घराघरांत शिरला. अमक्या धर्मगुरूनें दिलेली पापक्षमा खरी कीं खोटी, तमक्यानें लाविलेलें लग्न वैध कीं अवैध, असे प्रश्न निघाले. हे प्रश्न अगदींच पोकळ नव्हते, कारण पापक्षमेस व विवाहास योग्य धर्माधिकाराची आवश्यकता आहे, हें ख्रिस्तसभेचें शिक्षणच आहे. परंतु अधिकाराचा प्रश्न पंडितांनीं शांतपणें सोडवावयाचा. तो बाजारांत आला म्हणजे माणसांच्या पात्रतेचा होऊन बसतो. चवथ्या शतकांत आफ्रिकेंतील दोनातपंथीयांचें असेंच झालें होतें. छळाच्या काळीं जे बिशप डगमगले, त्यांच्या हातचे साक्रामेंत निष्फळ, असें ते म्हणत. ४११ सालीं कार्थेज येथें भरलेल्या सभेंत संत आगुस्तीन ह्यांनीं त्यांच्याशीं वाद केला. साक्रामेंत ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्या मनुष्याचा नव्हे, हा त्यांच्या शिक्षणाचा गाभा होता. तो विसरला कीं भाविकाचें मन वेदीवरून उडून वेदीजवळ उभ्या असलेल्या मनुष्यावर बसतें, व तेथूनच दुफळीस आरंभ होतो.

तथापि न्यायानें बोलावयाचें तर दोन्ही पक्षांपाशीं सत्याचा एकेक अंश होता. ख्रिस्तसभा राजांच्या मर्जीवर अवलंबून नसावी, हें प्रोपागांदाचें म्हणणें खरें होतें. संकटकाळीं ज्या एतद्देशीय धर्मगुरूंनीं कळप राखिला, त्यांस परक्या मिशनऱ्यांनीं तुच्छ लेखूं नये, हें दुसऱ्या पक्षाचें गाऱ्हाणेंही खरें होतें. अशा खऱ्या गाऱ्हाण्याची वेळींच दाद न लागली, तर पुढें काय होतें, ह्याचें उदाहरण गोव्याचे धर्मगुरु आंतोनियु फ्रान्सिस्कु शावियेर आल्वारिस हे होत. पणजीच्या गोरगरिबांविषयीं त्यांस खरा कळवळा होता. १८८६ च्या करारानें पाद्रोआदोचे कांहीं धर्मग्राम प्रोपागांदाकडे जातांच ते रुष्ट होऊन विभक्त झाले, व १८८९ सालीं त्यांनीं सिरियन ऑर्थोडॉक्स परंपरेंत मार जूलियस ह्या नांवानें बिशपपद घेतलें. उडुपीजवळील ब्रह्मावर येथें त्यांचे अनुयायी झाले. १८९२ सालीं कोलंबो येथें त्यांनीं रने विलात नामक एका गृहस्थास दीक्षा दिली, आणि त्या विलातच्या मागून अमेरिकेंत व युरोपांत कितीएक लहान लहान स्वतंत्र पंथ निघाले. आल्वारिस १९२३ त वारले. मनुष्य परोपकारी, गाऱ्हाणें सकारण. तरी एका फुटीच्या पोटीं दहा फुटी जन्मल्या.

आतां हा रोग बरा कसा झाला, तें पाहूं. १८८६ सालीं पोप तेरावे लिओ ह्यांनीं पोर्तुगालशीं करार केला व हिंदुस्थानांत नियमित बिशपपीठांची रचना केली. मुंबईस आर्चबिशप आले. साष्टी व वसईकडील बहुतेक जुने धर्मग्राम पाद्रोआदोच्या दमण बिशपपीठाकडे राहिले. अर्धा रोग शमला, अर्धा उरला. १९२८ च्या करारानें दमणचें पीठ विसर्जित होऊन त्याचा येथील प्रदेश मुंबईस जोडला गेला, व पोर्तुगीज आणि ब्रिटिश आर्चबिशप आळीपाळीनें यावेत असें ठरलें. त्याप्रमाणें प्रथम जोआकिम लिमा व मागाहून १९३७ सालीं टॉमस रॉबर्ट्स आले. रॉबर्ट्स ह्यांनीं आपण होऊन बाजूस सरून एतद्देशीय साहाय्यक बिशप व्हॅलेरियन ग्रेशियस ह्यांजकडे कारभार सोंपविला. १९५० सालीं पोर्तुगालनें आपला हक्क सोडिला व ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. कास्त्रु ह्यांच्या दीक्षेपासून ह्या गोष्टीस तीनशें तेरा वर्षें लागलीं! वादविवादांनीं जें साधलें नाहीं, तें एका मनुष्यानें आपली खुर्ची रिकामी केल्यानें साधलें.

ह्या इतिहासांतून फुटीर शिकवण ओळखण्याच्या कांहीं खुणा हातीं लागतात. पहिली खूण नांवाची. करिंथ येथील मंडळी पौल, अपोल्लो व केफा ह्यांचीं नांवें घेऊन तट पाडूं लागली, तेव्हां संत पौलानें स्वतःच्या नांवाच्या पक्षासही दोष दिला. जी शिकवण ख्रिस्ताऐवजीं कोणा उपदेशकाचें नांव ओंठीं बसविते, तिच्यापासून सावध असावें. दुसरी खूण उघडेपणाची. यरुशलेम येथें प्रेषितांपुढें मोठा मतभेद आला, तो त्यांनीं सर्वांसमक्ष चर्चून, निर्णय पत्रानें कळवून मिटविला. जें धर्मगुरूंपासून व बिशपांपासून लपवून सांगावें लागतें, त्यांत बहुधा खोट असते. तिसरी खूण वेदीची. जी शिकवण शेजाऱ्यास ख्रिस्ताच्या पंक्तींतून उठवूं पाहते, ती कितीही धार्मिक भाषा बोलो, तिची परीक्षा केल्याशिवाय ती घेऊं नये.

तळोजाच्या वसाहतींतही अशा गोष्टी कानीं येतात. कोणी सांगतो, बालपणीं झालेला बाप्तिस्मा व्यर्थ, पुन्हा घ्या. कोणी भ्रमणध्वनीवर लिहून धाडतो, लोकभाषेंतील मिस्सा खरी मिस्साच नव्हे. हीं मतें श्रद्धेस धरून नाहींत, असें आम्ही स्पष्ट सांगतों. परंतु मराठी मिस्सा कोणत्या वेळीं व्हावी, कोंकणी गीत केव्हां म्हणावें, ह्याविषयींचा मतभेद हा निव्वळ कौटुंबिक मतभेद होय. त्यास पाखंडाचें नांव देणें हेंच दुफळीचें बीज होय. भिन्नत्व म्हणजे भेद नव्हे. १९८८ सालीं कल्याण येथें सिरो-मलबार बंधूंचें स्वतंत्र बिशपपीठ स्थापन झालें. ह्या प्रदेशांत पुन्हा दोन मेंढपाळ झाले. परंतु ह्या वेळीं दोघेही एकाच परमगुरूच्या संमतीनें व एकमेकांच्या सहभागित्वांत आहेत, म्हणून कोणाच्याही मंदिरास वेढा पडला नाहीं.

तेव्हां ह्या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक घरानें एक करावें, अशी आमची विनंती आहे. ज्या शेजाऱ्याची भाषा, गांव वा उपासनेची रीत आपल्याहून निराळी आहे, त्यास सणाच्या दिवशीं आपल्या घरीं जेवावयास बोलवावें. कोणाविषयीं गाऱ्हाणें असेल तर तें गल्लींत न सांगतां धर्मग्राम-मंडळींत सांगावें. आणि मंडळीनें तें ऐकून घ्यावें, कारण न ऐकलेलें गाऱ्हाणेंच पुढें पंथ होतें. ज्या ऐक्यासाठीं तीन शतकें लागलीं, तें आपल्या हातून एका पिढींत न सुटो, हीच प्रभु येशूच्या चरणीं आमची प्रार्थना.