दोन बहात्तर आणि मेहरूणचे तळे

वैशाखातल्या व्याख्यानमालेत पुराचा विषय काढणे थोडे चमत्कारिकच. पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकलेला, मेहरूणच्या तळ्याचे पाणी काठापासून मागे हटलेले, आणि आपण बोलावयाचे ते लोंढ्यांविषयी! परंतु पुराचा विचार पुराच्या दिवशी करता येत नाही. त्या दिवशी माणूस आपली ट्रंक आणि आपली म्हातारी माणसे सांभाळीत असतो. तेव्हा हेच दिवस बरे, असे आम्हांस वाटते.

खानदेशच्या माणसाला ‘बहात्तर’ म्हटले की काय आठवते? १९७२ चा दुष्काळ. फोडलेली खडी, तांबडा मिलो, सुकडी, कामावर उभ्या राहिलेल्या बायाबापड्या. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनाही तो तोंडपाठ आहे. त्याआधीचा १८९९-१९०० चा दुष्काळ संवत १९५६ चा, म्हणून ‘छपन्नाचा’ झाला. दुष्काळाला आपण नाव देतो आणि नावामुळे तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. पण १९७२ च्या बरोबर शंभर वर्षे आधी खानदेशात आणखी एक बहात्तर होऊन गेले. ते पाण्याचे होते, आणि ते कोणाच्याच तोंडी नाही.

१८७२ च्या सप्टेंबरात गिरणा आणि पांझरा या दोन्ही नद्या एकदम फुगल्या. इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरांत या पुराचा हिशेब आहे: १५२ गावांचे नुकसान, एकट्या धुळे शहरात पाचशे घरे जमीनदोस्त, सोळा लाख रुपयांची मालमत्ता पाण्यात. तेव्हाचे सोळा लाख! ज्या धुळ्याची नवी पेठ कॅप्टन ब्रिग्जने आखून वसविली आणि ज्याच्या सरळ रस्त्यांचे कौतुक आजही होते, त्याच शहरात हे घडले. रस्ते सरळ आखता येतात. नदीला ती आखणी दाखवावयाची कोणी?

हा पूर असा एकाएकी का आला, याचे उत्तर आपल्या नद्यांच्या स्वभावात आहे. पांझरा उगम पावते पिंपळनेरच्या बाजूला सह्याद्रीत, आणि गिरणा कळवणच्या डोंगरात. पाऊस पडतो तिकडे. पाणी येते आपल्याकडे. धुळ्यात उघडीप असावी, घाटावर रात्रभर ओतत असावे, आणि सकाळी नदी उंबऱ्याशी यावी, असा हा प्रकार. शिवाय वर्षातले आठ-नऊ महिने पात्रात वाळूच दिसते. त्या वाळूत मुले खेळतात, बाजार भरतात, आणि हळूहळू तेथे खुंट रोवले जातात. पुढे १८८४ नंतर धुळ्यास नेमणुकीवर आलेल्या तरुण विश्वेश्वरय्यांनाही याच पांझरेच्या खोऱ्यात दातर्ती येथे नळाचा सायफन बांधताना पावसाळ्याने चांगलेच अडवून धरले होते. मोठमोठ्यांची परीक्षा घेणारी ही नदी उन्हाळ्यात पायीं ओलांडता येते, हेच तिचे कपट.

तापीचे तर विचारूच नये. १८२२ साली, म्हणजे पेशवाई जाऊन चार वर्षे झाली नाहीत तोच, तिने ६५ गावे पुरती धुऊन नेली आणि ५० अर्धीमुर्धी. ती गावे तरी कसली? १८०२ च्या सुमारास होळकरांच्या फौजांनी मुलूख तुडविला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. त्यातून जी काही उठू पाहत होती तीच ही गावे. आपल्या वाडवडिलांनी ‘आसमानी-सुलतानी’ हा जोडशब्द उगीच केला नाही. एकीच्या पावलावर दुसरी पाऊल टाकते, हे त्यांनी अनुभविले होते.

(वळवाचा वारा केळीच्या उभ्या बागा कसा आडव्या करतो, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, रावेर-यावलचे श्रोते तो आमच्यापेक्षा चांगला जाणतात.)

कोणी म्हणेल, ही जुनी कथा झाली. आता धरणे आहेत. खरे आहे. १९६९ पासून गिरणेवर धरण उभे आहे, तापीवर हतनूर आहे, आणि त्यांचे उपकार कोणी नाकारू नयेत. परंतु धरण आपल्या वरचे पाणी अडविते, खालचे नव्हे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावात पाणी शिरले ते तितूर आणि डोंगरी या नद्यांचे. आदल्या रात्रीचा पाऊस कन्नडच्या डोंगरांवर पडला होता. घाटात दरडी कोसळल्या, शेकडो जनावरे वाहून गेली. तितूर गिरणेला मिळते ती धरणाच्या खाली! धरण जागच्या जागी भक्कम उभे होते आणि चाळीसगावची दुकाने पाण्यात होती.

आता मेहरूण. हे ना तापीकाठी, ना पांझरेकाठी. बोरांसाठी नावाजलेले हे गाव जळगावात केव्हा मिसळून गेले ते नव्या वस्तीला ठाऊकही नाही. याच तळ्याचे पाणी एके काळी दोन मैलांवरून नळाने शहरात आले आणि कापसाच्या व्यापाराने वाढलेल्या जळगावची तहान भागली. म्हणजे आपल्या मनात हे तळे तहानेशी जोडलेले आहे, धोक्याशी नव्हे. ते आटले की आपल्याला काळजी वाटते, भरले की आपण पाहावयास जातो. पण तळे म्हणजे केवळ पाण्याचे पात्र नव्हे. भोवतालच्या माळावरून ज्या वाटांनी पाणी आत येते आणि भरल्यावर सांडव्यावरून ज्या वाटेने बाहेर जाते, त्या सगळ्या वाटा मिळून तळे होते. भोवती वसाहती झाल्या, रस्ते झाले, आणि सिमेंटच्या जमिनीवर पडलेले पाणी मुरत नाही, ते पळते. वाट बुजवली तर उन्हाळ्यात तळे लवकर आटणार आणि एखाद्या रात्री तेच पाणी घरात शिरणार. दोन्ही बहात्तरांचे बीज एकाच बुजलेल्या नाल्यात असू शकते.

मृग लागावयास अजून अवकाश आहे. संध्याकाळी तळ्याकाठी फिरावयास जाणारे आपल्यापैकी पुष्कळ आहेत. त्यांनी एक दिवस सांडव्याकडून फेरी सुरू करावी आणि पाण्याच्या वाटेने शहराकडे चालत यावे. ती कोठवर उघडी आहे, कोणत्या कुंपणापाशी नाहीशी होते, आणि महानगरपालिकेच्या नकाशावर त्या जागी नाला दाखविला आहे की प्लॉट, एवढे पाहून ठेवावे.