सहा मीटरचं अंतर

आज लढाईचा नाही, अक्षरांच्या एका तक्त्याचा इतिहास सांगतो.

1862 मध्ये हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या डॉ. हर्मन स्नेलन यांनी तो प्रसिद्ध केला. निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून ओळखू येणारं अक्षर ज्याला सहा मीटरवर आल्याशिवाय कळत नाही, त्याची नजर 6/60. फौजेत भरती होताना मी याच तक्त्यासमोर उभा राहिलो आणि पुढे वार्षिक तपासणीतही.

त्याच काळात गावी आईला ज्वारी निवडताना खडे दिसेनासे झाले. सुई ओवायला ती नातवाला हाक मारायची. आम्ही म्हणायचो, वय झालं. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी ती दर महिन्याला दवाखान्यात जायची. भिंतीवर तक्ता होता, पण तिला कोणी विचारलं नाही. एके दिवशी पायरी चुकली, खुबा मोडला, तेव्हा मोतीबिंदू कळला.

1976 मध्ये देशात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी 11 खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. तेही फौजेतले डॉक्टर. संधिवातामुळे 1948 मध्ये त्यांना फौज सोडावी लागली. वाकड्या झालेल्या बोटांनी ते डोळ्यांच्या शस्त्रक्रिया शिकले. त्यांनी गावोगाव शिबिरं घेतली, तरी कितीतरी म्हातारी माणसं तिथवर पोचतच नव्हती. म्हणून 2004 पासून अरविंदने गावांजवळ दृष्टिकेंद्रं उघडली. तिथे प्रशिक्षित मुली डोळे तपासतात आणि रुग्णालयातले डॉक्टर व्हिडिओवरून सल्ला देतात.

तक्त्यालाही मर्यादा आहेत. काचबिंदू आधी कडेची नजर खातो, त्यामुळे रुग्ण शेवटची ओळही वाचून दाखवतो. तक्रार नसलेल्या वृद्धांची सरसकट तपासणी करून किती लाभ होतो, याचा पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने 2022 मध्ये म्हटलं. मान्य. पण आईची तक्रार रोज आमच्या डोळ्यांसमोर होती, ती ऐकली कुणी नाही. आणि फौजी भाषेत सांगायचं तर, टेहळणीत शत्रू दिसला पण तुकडी निघालीच नाही, तर टेहळणी वाया. तपासणीमागे चष्मा किंवा शस्त्रक्रिया यायलाच हवी.

आईची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "केस कधी रे पांढरे झाले तुझे?"

आज घरी गेल्यावर आईवडिलांना भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगा. एकेक डोळा झाकून.

जय हिंद.